अंगावरून जातं

नमस्कार मैत्रिणींनो. आणि घरात रेडिओ लागलाय म्हणून कानावर पडतंय अशा दादा-काका मंडळींनो, तुम्हीही ऐका. तुमच्याच घरातल्या बायकांचं दुखणं आहे.

मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बाई खुर्चीत टेकल्या टेकल्या सांगते की कंबर दुखते. मग थकवा, मग चक्कर. मी तपासते, चिठ्ठी लिहून देते. ती उठते, पर्स खांद्याला अडकवते, दाराच्या मुठीवर हात ठेवते आणि मागे वळून हळूच म्हणते, "आणि मॅडम, ते... अंगावरून जातं जरा." ज्यासाठी आली ते तिनं जाता जाता सांगितलेलं असतं. मी म्हणते, बसा.

गेल्या पावसाळ्यात हडपसरकडची एक आई तिच्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पिशवीतून तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुलीची काळी निकर काढली आणि टेबलावर ठेवली. मधोमध फिकट, तांबूस पट्टा पडलेला. "रंग उडतोय मॅडम. आतून काय विष जातंय का हिच्या?" मुलगी खाली मान घालून बसलेली. सासूबाईंनी सांगितलं होतं, पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात, पोरगी आतून पोकळ होईल.

त्या फिकट पट्ट्यानं मला सगळं सांगितलं, आणि ते चांगलं होतं. आपल्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात. दह्यातल्या जंतूंचे नातेवाईकच म्हणा ना. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे वयात आलेल्या बाईच्या योनिमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे चांगलाच आंबट. त्या आंबटपणात बाहेरचे वाईट जंतू टिकत नाहीत. आणि त्याच आम्लानं गडद कपड्याचा रंग उडतो. तिच्या अंगातली राखण नीट चालली होती, त्याची ती खूण.

हाडं झिजत नाहीत. ताकदही जात नाही. तोंडात लाळ येते, डोळ्यांत ओलावा असतो, तसाच हा स्राव. दिवसाला साधारण चमचाभर, कुणाला थोडा जास्त. पांढरट किंवा पाण्यासारखा, वाळला की कपड्यावर पिवळसर दिसतो. वास असला तर सौम्य, आंबूस. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास तो पारदर्शक आणि बुळबुळीत होतो. लाडवासाठी पाक करताना दोन बोटांत तार येते ना, अगदी तशी तार येते. बीज बाहेर पडण्याचे ते दिवस. गरोदरपणात स्राव वाढतो. पाळी गेल्यावर कमी होतो, कोरडेपणा येतो. नुकत्या जन्मलेल्या मुलीलाही आईच्या हार्मोन्समुळे काही दिवस पांढरं जाऊ शकतं. आजी घाबरतात, तर घाबरू नका.

माझी खरी तक्रार आहे ती धुण्याबद्दल. तुरटीचं पाणी, जंतुनाशक घातलेलं गरम पाणी, साबण, आणि आता जाहिरातीतले सुगंधी वॉश. बायका हे सगळं आतपर्यंत नेतात. साबण अल्कधर्मी असतो, तो तो आंबटपणाच मोडून काढतो. चांगले जंतू मरतात, वाईट माजतात, वास येतो, बाई आणखी धुते. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कळकळीनं सांगते: आत काही घालू नका. दहीसुद्धा नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्यानं धुवा, शौचानंतर पुढून मागे, मागून पुढे कधीच नाही. बास.

कपड्यांचंही तसंच. आपल्याकडे निकर वाळत घालायची ती टॉवेलखाली, परकराखाली, गॅलरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती तशी दोन दिवस वाळत नाही, आणि दमटच अंगात चढवली जाते. वर घट्ट जीन्स, वर तासभर स्कूटर. अशा ओलाव्यात बुरशीचं फावतं. सुती कपडा घ्या, उन्हात उघड्यावर वाळवा, पाऊस असेल तर इस्त्री फिरवा. दोरीवर दिसली म्हणून कुणाची अब्रू जात नाही.

आता बिघडलंय कधी समजायचं? नासलेल्या दुधासारखं गुठळ्या-गुठळ्यांचं जातं आणि खाज इतकी की रात्री झोप लागत नाही, तर बहुधा बुरशी. अँटिबायोटिक्स घेतल्यावर होते. वारंवार होत असेल तर साखर तपासून घ्या, कितीतरी बायकांचा मधुमेह असाच कळतो. पातळ, करडं आणि माशांसारखा वास, तो संबंधानंतर वाढणारा, तर जंतूंचा तोल गेलेला असतो. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर बहुधा ट्रायकोमोनास, संबंधातून पसरणारा एक परजीवी. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं परत येतं. तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत, म्हणून शेजारणीची उरलेली गोळी घेऊ नका. ओटीपोटात दुखून ताप असेल तर त्याच दिवशी या. गरोदर असाल आणि एकदम पाणी गेलं, तर थेट दवाखाना गाठा.

आणि नुसतं पांढरं जातं म्हणून कुणी गर्भपिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं. १९८९ साली ते प्रसिद्ध झालं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. मला तो आठचा आकडा जास्त टोचतो.

त्या दिवशी मुलीला मी काही औषध दिलं नाही. दोघी उठल्या. आई दारापर्यंत गेली, मुठीवर हात ठेवला आणि थांबली. मुलीला म्हणाली, "तू बाहेर बस गं जरा." मग माझ्याकडे वळली. गेले आठ महिने तिला अंगावरून तपकिरी, घाण वासाचं जात होतं. संबंधानंतर लाल डाग पडायचे. तिला वाटलं होतं, पाळी जायची वेळ आलीय.

तपासणीत गर्भाशयाच्या मुखावर कॅन्सरच्या आधीची अवस्था निघाली. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे हे होतं आणि कॅन्सर व्हायला सहसा बरीच वर्षं लागतात, म्हणून वेळेत सापडलं तर लहानशा उपचारात भागतं. तिचं भागलं, पिशवी जागेवर आहे. तिशीनंतर ही तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. या विषाणूपासून वाचवणारी मुलींसाठी लस आहे, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात, त्यापुढे तीन.

मुलीचे तीन डोस आता पूर्ण झालेत. शेवटच्या डोसला तिला आई घेऊन आली होती, आणि या वेळी खुर्चीत बसायच्या आधीच तिनं सांगितलं, "मॅडम, आता डाग नाही पडत."

नमस्कार.