वडी वितळताना

[दृश्य: वॉर्मरची वाटी, अगदी जवळून]

हे बघा, आधी कडेला एक ओली रेघ उमटते. मग वडी खालून सुटते, जराशी सरकते आणि हळूहळू बसत जाते, वरचं फूल मात्र बराच वेळ तसंच तरंगत राहतं. वात नाही, ज्योत नाही. थोड्या वेळाने बाहेरून आत आलेलं माणूस दारातच थांबतं आणि विचारतं, कसला वास येतोय गं?

ही वासाच्या मेणाची वडी, वॉर्मरमध्ये म्हणजे खालून तापणाऱ्या वाटीत वितळवायची, की खोलीत वास पसरतो. ह्याला वॅक्स टार्ट म्हणतात, वॅक्स मेल्ट पण म्हणतात. टार्ट हे नाव आकारावरून आलं, पेस्ट्रीच्या टार्टसारखा कातरलेल्या काठाचा छोटा साचा असायचा म्हणून. आता चौकोनी, गोल, फुलांच्या, कसल्याही होतात, नाव तेच राहिलं. मी आपली वडीच म्हणणार, कारण हातात घेतल्यावर ती वडीच वाटते.

[दृश्य: भांड्यात पडणारे मेणाचे फ्लेक्स]

हे सोया वॅक्स, सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं मेण. मेणबत्तीच्या कामात ते १९९० च्या दशकात आलं, म्हणजे तसं नवंच. पॅराफिन खूप जुनं, १८३० मध्ये कार्ल फॉन रायशेनबाख ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं, आज ते पेट्रोलियमपासून मिळतं. दोन्हींच्या वड्या होतात, मिक्स करूनही होतात. पण एक गोष्ट नवीन लोक हमखास विसरतात, ती म्हणजे बरणीतल्या कँडलचं मेण मुद्दाम मऊ बनवलेलं असतं, काचेला चिकटून राहावं म्हणून, आणि तेच साच्यात ओतलं की वडी सुटत नाही, सुटली तरी कोपरे साच्यातच राहतात. वडीला कडक मेण लागतं. पाकिटावर पिलर (बरणीशिवाय स्वतः उभी राहणारी मेणबत्ती) किंवा टार्टसाठी असं लिहिलेलं बघून घ्या.

[दृश्य: वजनकाटा]

हा शॉट मुद्दाम लांब ठेवलाय. काट्यावर ५०० ग्रॅम मेण, मग काटा शून्यावर आणून फ्रेग्रन्स ऑइल, म्हणजे वासाचं तेल, थेंब थेंब, ३८, ३९, ४०, बास. म्हणजे मेणाच्या ८ टक्के. वड्या बनवणाऱ्या ह्या ताईंचा हात बघा, शेवटच्या दोन ग्रॅमला बाटली जवळजवळ आडवी धरलीय. ऑइल मिलीलीटरमध्ये नाही मोजायचं, ग्रॅममध्येच, कारण प्रत्येक ऑइलची घनता वेगळी, एकाच मापाच्या चमच्यात कुणाचं वजन जास्त भरतं कुणाचं कमी. साधारण ६ ते १० टक्क्यांच्या मध्ये काम होतं, आणि प्रत्येक मेणाची स्वतःची एक कमाल मर्यादा असते, ती बनवणाऱ्याने लिहून दिलेली असते. त्याच्या वर गेलं की मेण ऑइल धरून ठेवत नाही, वडीवर घामासारखे थेंब येतात, हाताला तेलकट लागते, आणि वास काही वाढत नाही. जास्त ऑइल म्हणजे जास्त वास, हे डोक्यातून काढून टाका, मनापासून सांगतेय.

आणि ऑइल घेताना त्याचं इफ्रा सर्टिफिकेट मागा. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९७३ पासूनची, कुठला घटक कुठल्या वस्तूत किती चालेल ह्याच्या मर्यादा ती ठरवते. वड्या आणि मेणबत्त्या कॅटेगरी १२ मध्ये येतात, सर्टिफिकेटवर त्या कॅटेगरीपुढे लिहिलेली मर्यादा बघायची.

[दृश्य: डबल बॉयलर, थर्मामीटर, ढवळणारा हात]

मेण थेट आचेवर ठेवलेलं नाही, खाली पाण्याचं भांडं आहे. पूर्ण वितळून ८० ते ८५ डिग्रीपर्यंत आलं की आच बंद, ऑइल आत, आणि सावकाश दोन मिनिटं ढवळायचं. खरोखरची दोन मिनिटं, घड्याळ लावून. नाहीतर ऑइल तळाशी बसतं आणि पहिल्या वड्या फिक्या, शेवटच्या डोकं उठवणाऱ्या होतात. फ्लॅश पॉइंटची भीती बऱ्याच जणांना असते, की त्याच्या वर तापमान गेलं की वास उडून जातो. तसं नाहीये. फ्लॅश पॉइंट म्हणजे ऑइलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, तो आकडा सुरक्षिततेसाठी आणि पार्सल पाठवताना लागतो, वासाशी त्याचा संबंध नाही.

रंग घालायचा तर मेणात विरघळणारा. खाण्याचा पाण्यातला रंग मेणात मिसळतच नाही, ठिपके होऊन तळाशी जातो.

[दृश्य: ओतणं, मग तोच साचा, वेगवान केलेला शॉट]

६० डिग्रीच्या आसपास ओततात, कारण प्लास्टिकचे साचे फार गरम मेणाने वाकडे होतात. आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. मेण काचेसारखं पारदर्शक आहे, खालचा साचा स्पष्ट दिसतोय. कडेला दुधाळपणा येतो. तो आत सरकतो. मध्ये एक छोटं पारदर्शक तळं उरतं, लहान लहान होत जातं, आणि मिटतं. मेण स्फटिक होऊन जमतंय, ते डोळ्यांना दिसतंय.

कधी कधी काही दिवसांनी सोया वडीवर पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसते. बुरशी नाही ती, मेणाच्या स्फटिकांचीच आहे, वासात काही फरक पडत नाही. आणि ह्या दोन वड्या बघा, एकाच मेणाच्या, रंग कशातच घातलेला नाही, डावी पांढरी आणि उजवी दुधाळ चहासारखी. उजवीत व्हॅनिला आहे. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य घटक, व्हॅनिलिन, त्याच्यामुळे मेण दिवसेंदिवस तपकिरी होत जातं.

साच्यातून काढतानाचा टक् आवाज आहे तसा ठेवलाय.

[दृश्य: फळीवरचे डबे, तारखांची लेबलं]

आज बनवली की आज लावायची नाही. पॅराफिनला थोडे दिवस पुरतात, सोयाला दोन आठवडे तरी द्या, झाकण लावून, उन्हापासून लांब. मी माझी पहिली वडी दुसऱ्याच दिवशी लावली होती, वास जेमतेम, मला वाटलं ऑइलच खराब, उरलेल्या डब्यात तशाच राहिल्या. तीन आठवड्यांनी त्यातलीच एक लावली, आणि खोली भरली.

[दृश्य: चार वॉर्मर ओळीत]

आता वॉर्मर. पहिला टीलाइटचा, खाली छोटी मेणबत्ती, वर वाटी. वास लवकर आणि जोरात येतो, पण संपतोही लवकर, कारण आच जास्त लागते, आणि ज्योत आहे म्हणजे लक्ष ठेवायलाच हवं. दुसरा बल्बचा, ह्यात हॅलोजन बल्बच वाटी तापवतो, उजेड पण सुंदर पडतो. एका दुकानाने मला ह्याच्यासाठी एलईडी बल्ब दिला होता, वीज वाचेल म्हणून. उजेड छान पडला, वडी रात्रभर तशीच्या तशी. एलईडीने मेण वितळेल एवढी वाटी तापत नाही. बल्ब बदलताना वॉर्मरवर लिहिलेला प्रकार आणि वॅटच घ्या, जास्त वॅटचाही नको.

तिसरा हॉटप्लेटचा, खाली तापणारी प्लेट, सावकाश आणि सारखी उष्णता. टायमर असलेला मिळाला तर तोच घ्या, माझं मत विचाराल तर घरासाठी हाच. चौथा पंख्याचा, हा वासाला हवेने ढकलतो, मेण फारसं वितळत नाही.

वाटीकडे पण बघा. वास मेणाच्या पृष्ठभागावरून उठतो, त्यामुळे मोठ्या खोलीला रुंद, उथळ वाटी हवी. खोल वाटीत दोन वड्या जास्त टाकून तेवढा फरक पडत नाही. आणि वास संपला असं वाटलं तर आधी दहा मिनिटं बाहेर जाऊन या, नाक एका वासाला पटकन सरावतं.

[दृश्य: उघडी खिडकी, सोफ्यावरची मांजर]

मांजर किंवा पक्षी असतील तर जपून, इसेन्शियल ऑइलमधले (वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांतले) बरेच घटक मांजरांच्या शरीराला पचवता येत नाहीत. २०२५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की वड्यांमधून निघणारे टर्पिन (वासातले एक प्रकारचे घटक) घरातल्या हवेतल्या ओझोन वायूशी मिळून अतिसूक्ष्म कण तयार करतात, तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवा. मेणाने पेट घेतला तर पाणी टाकू नका, झाकण ठेवा.

[दृश्य: पुन्हा तीच वाटी, वास संपलेलं मेण]

मेण उडून जात नाही, उडतो तो वास. म्हणून वाटीत मेण तेवढंच दिसतं. वॉर्मर बंद करून, मेण अजून पातळ असतानाच कापसाचे दोन बोळे टाकायचे, ते सगळं पिऊन घेतात. सिंकमध्ये ओतायचं नाही, पाइपात जाऊन घट्ट बसतं. ताई बोळे उचलतायत, वाटी पुसतायत, आणि फळीवरचा डबा उघडून लेबलावरची तारीख बघतायत. अजून चार दिवस आहेत. डबा परत ठेवला, मागचा काढला.