भूत नंतर, आधी रजिस्टर बघू | जुन्या हॉटेलांच्या गोष्टी, रंकाळ्यावरून

[कोल्हापूर. रंकाळा तलावाचा कट्टा, दिवेलागणीची वेळ. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा दिसतोय.]

ती बाई मेलीच नव्हती.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, एस्टेस पार्क नावाच्या डोंगरातल्या गावात स्टॅनली हॉटेल आहे. वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणाऱ्या फ्रीलन स्टॅनली यांनी ते 1909 मध्ये सुरू केलं. जगातल्या भुताच्या हॉटेलांची कुठलीही यादी काढा, हे नाव वरच असतं. त्यातली 217 नंबरची खोली सगळ्यात प्रसिद्ध. तिथे एका मोलकरणीचं भूत आहे म्हणतात. तुम्ही बॅग उघडी टाकून जेवायला गेलात, की परत येईपर्यंत कपडे घडी करून ठेवलेले असतात.

आता खरं काय घडलं ते ऐका. जून 1911. हॉटेलात वीज होती, पण ती गेली तर सोय म्हणून गॅसचे दिवेही होते. कुठंतरी गॅस गळत होता. ही बाई पेटती ज्योत घेऊन 217 मध्ये शिरली आणि स्फोट झाला. जमीन फाटली, ती थेट खालच्या मजल्यावर कोसळली. घोटे मोडले. पण वाचली. बरी होऊन ती पुन्हा त्याच हॉटेलात कामाला लागली, असं हॉटेलचे लोकच सांगतात.

तिचं नाव एलिझाबेथ विल्सन, असं आज सांगतात. त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांनी मात्र तिचं नाव एकानं एक तर दुसऱ्यानं दुसरंच छापलं. म्हणजे बघा, जिवंत असताना जिचं नाव कुणाला धड लिहिता आलं नाही, ती बाई भूत म्हणून जगभर पोचली. आणि भूत झाल्यावरही काम कुठलं? लोकांच्या कपड्यांच्या घड्या करायचं.

मला ही गोष्ट वाचून भीती नाही वाटली. पोटात कालवलं.

[कॅमेरा जवळ.]

नमस्कार. हा व्हिडिओ करायला मी रंकाळ्यावर का आलोय, ते तुमच्या लक्षात आलं असेल. गेली दोन-तीन वर्षं मला भेटणारा दर चौथा माणूस विचारतोय, "शालिनी पॅलेसवर कधी करताय? रात्री आत शिरून करा की!"

तर आधी सरळ सांगतो. मी आत शिरणार नाही. ती कुणाची तरी वास्तू आहे, तिथं राखण करणारा माणूस आहे, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. आणि या वास्तूच्या नावावर भुताची गोष्ट मी रचणारही नाही. जे ठाऊक आहे ते सांगतो. 1931 ते 1934 मध्ये हा पॅलेस उभा राहिला, राजकन्या शालिनीराजे यांच्या नावानं. आपला काळा दगड आणि इटलीचा संगमरवर. त्या काळात आठ लाख रुपये लागले. 1987 मध्ये त्याचं हॉटेल झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथं लग्नं जेवलीत, बागेत फोटो काढलेत. पुढं हॉटेल बंद झालं.

आणि खिडक्या अंधारल्या की गोष्टी सुरू होतात. हे सगळ्या जगात असंच आहे.

एक गंमत बघा. आपल्याकडची भुतं हॉटेलात राहतच नाहीत. मुंजा पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात. वेताळ वेशीबाहेर. चकवा रानात, तो माणसाला रात्रभर त्याच त्याच बांधावर फिरवतो. माझी आजी ही सगळी नावं घ्यायची, आणि प्रत्येकाचा ठिकाणा सांगायची. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, तो मुंजा. म्हणजे आपल्या भुताला वय आहे, जागा आहे, काय राहून गेलं तेही माहीत आहे. गावातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, तो कुणाचा कोण.

हॉटेलचं तसं नाही. (आपल्याकडं हॉटेल म्हटलं की मिसळ आणि चहा आठवतो, मी राहायच्या हॉटेलाबद्दल बोलतोय.) तिथल्या खोलीत काल कोण झोपलं होतं, परवा कोण, काही पत्ता नसतो. गादी तीच, आरसा तोच. रजिस्टरात एक सही, आणि ती खरी असेलच असं नाही. सॅन दिएगोला समुद्राकाठी हॉटेल देल कोरोनाडो आहे, 1888 सालचं. तिथं नोव्हेंबर 1892 मध्ये एक तरुण बाई एकटीच आली. रजिस्टरात लिहिलं, लॉटी बर्नार्ड. पाच दिवसांनी समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ती मृत सापडली. ती कोण, हे शोधायला गावोगाव तारा पाठवाव्या लागल्या. शेवटी कळलं, तिचं नाव केट मॉर्गन. आज तिच्या खोलीसाठी लोक मुद्दाम बुकिंग करतात.

मसुरीच्या सॅवॉय हॉटेलातही तसंच. 1911 मध्ये फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाची बाई खोलीत मृत सापडली. विषप्रयोग. कुणी केला ते आजतागायत ठरलेलं नाही, म्हणून ती अजून वऱ्हांड्यात फिरते असं सांगतात.

आता राजस्थानात चला. कोट्याला चंबळच्या काठावर ब्रिजराज भवन आहे. आधी तिथं इंग्रजांची रेसिडेन्सी होती, पुढं हॉटेल झालं. 1857 च्या ऑक्टोबरमध्ये कोट्याच्या फौजेनं उठाव केला आणि मेजर चार्ल्स बर्टन आणि त्याची दोन मुलं तिथं मारली गेली. बर्टनचं भूत आजही हातात काठी घेऊन फिरतं म्हणतात. पाहुण्यांना काही करत नाही. पण रात्रपाळीचा पहारेकरी डुलकी काढताना दिसला की त्याच्या कानाखाली वाजवतं!

ही गोष्ट सगळे हसत सांगतात. मला ती चांगलीच खटकते. बापाबरोबर पोरं गेली, ते दुःख मोठंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बघा ना, साहेब मेल्यावरही साहेबच राहिला, आणि मार खाणारा पहारेकरी तो पहारेकरीच. त्याच उठावाचे पुढारी होते लाला जयदयाल आणि मेहराब खान. दोघांना 1860 मध्ये फाशी झाली. त्यांचं भूत? कुठल्याच हॉटेलच्या माहितीपत्रकात नाही. कोण भूत होणार आणि कोण विसरलं जाणार, हे शेवटी गोष्ट सांगणारा ठरवतो.

[कट्ट्यावर बसून.]

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. ही तुम्ही नक्की ऐकली असेल. शाळेच्या सहलीत गेटवेसमोर उभं करून आम्हाला एका काकांनी सांगितली होती. ताजमहाल हॉटेलचा गोरा इंजिनिअर नकाशा देऊन विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, तोंड गावाकडं आणि पाठ समुद्राकडं! धक्क्यानं त्यानं वरून उडी मारली. आणि आता तो जुन्या इमारतीत फिरतोय.

मी ती गोष्ट कितीतरी वर्षं खरी धरून चाललो होतो. पुढं वाचायला लागलो, तेव्हा एकेक धागा सुटत गेला.

ताजचा आराखडा केला तो मुळात आपल्या माणसांनी. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. काम चालू असतानाच वैद्य वारले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं ते पूर्ण केलं. हॉटेल डिसेंबर 1903 मध्ये उघडलं. दार गावाकडं ठेवलं होतं ते चुकून नाही. पाहुण्यांच्या घोडागाड्या गावातून यायच्या, म्हणून. आज जिकडं पोहण्याचा तलाव आहे, ती मूळची पुढची बाजू. आणि समोर गेटवे कुठं होता? तो 1924 चा, म्हणजे वीस वर्षांनंतरचा.

उलटं काही बांधलं नव्हतं. उडी कुणी मारली नव्हती. आणि एका खोट्या गोऱ्या भुतापायी सीताराम खंडेराव वैद्य हे खरं मराठी नाव आपल्या पोरांना माहीतच नाही. सहलीत मला जर कुणी हे नाव सांगितलं असतं, तर मी त्या इमारतीकडं किती वेगळ्या नजरेनं बघितलं असतं!

आणि आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला, ते ऐका. ताजची ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. तिचीच सख्खी बहीण आपल्याकडं आहे.

आपला टाऊन हॉल, सीपीआर हॉस्पिटलसमोरचा, आज जिथं वस्तुसंग्रहालय आहे. आपला नवा राजवाडा, 1877 ते 1884 मधला. या दोन्हींचा वास्तुविशारद एकच, मेजर चार्ल्स मँट. याच मँटनं बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा केला. आणि त्याच्याबद्दल गोष्ट सांगतात, की आपली गणितं चुकली, पॅलेस कोसळणार, या विचारानं त्याला वेड लागलं आणि त्यानं जीव दिला.

मँट 1881 मध्ये वारला, एवढं पक्कं. आपला नवा राजवाडा तेव्हा पुरा व्हायचा होता, बडोद्याचाही. बडोद्याचं काम रॉबर्ट चिझम यांनी 1890 मध्ये पुरं केलं. दोन्ही वाडे आज ठणठणीत उभे आहेत.

जुळली का गोष्ट? मोठी इमारत, मध्येच मेलेला कारागीर, दुसऱ्यानं पुरं केलेलं काम, आणि "चूक झाली म्हणून जीव दिला". मुंबईत तेच, बडोद्यात तेच. मला वाटतं हे आपल्या मनात फार जुनं बसलंय. बुरूज टिकेना म्हणून पायात माणूस पुरला, अशी गोष्ट कुठल्या ना कुठल्या गडावर ऐकायला मिळतेच. एवढी मोठी वास्तू उभी राहिली, तर तिनं कुणाचा तरी भोग घेतला असणार, असं आपण धरूनच चालतो. राजवाडा, हॉटेल, धरण, काहीही असो. आणि भोग तर लागतोच, ते खोटं नाही. दगड वाहणारे, पाथरवट, गवंडी, त्यातले किती पडले, किती अधू झाले. फक्त त्यांचं भूत होत नाही. भूत होतं ते नकाशावाल्याचं.

[उठून चालू लागतो.]

"मग आम्हाला जे ऐकू येतं ते काय?" हा प्रश्न येणारच. मी कुणाच्याही अनुभवाला खोटं म्हणत नाही. मला स्वतःला आलाय.

पन्हाळ्यावर एका जुन्या बंगल्यात मुक्काम होता. पावसाळा संपलेला, बाहेर धुकं. रात्री दहाच्या सुमाराला डोक्यावर लाकडी माडीवर पावलं वाजायला लागली. एक, मग थांबून दुसरं, सरळ रेषेत दारापासून खिडकीपर्यंत. वर कुणी राहत नव्हतं. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिलो, घाम फुटला होता. सकाळी तिथल्या राखणदार मामांना विचारलं. ते म्हणाले, "घाबरू नगासा. लाकूड हाय ते. दिसा तापतंय, फुगतंय, रातच्याला थंडीनं आकसतंय. एकेक फळी बोलती. आमी रोज ऐकतोय."

एकेक फळी बोलती. एवढ्या सोप्या शब्दांत मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि त्या रात्री मी एवढा जागा का होतो, त्याचंही उत्तर आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी झोपलेल्या माणसांचे मेंदू तपासले. नव्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, ती पहाऱ्यावर राहते. बारीक आवाज आला तरी दचकवते. दुसऱ्या खेपेला तोच माणूस तिथं झोपला की हा पहारा उतरतो. आता विचार करा, हॉटेलात आपण बहुतेक वेळा पहिलीच रात्र काढत असतो. घरात हीच कुरकुर झाली असती तर कूस बदलून झोपलो असतो.

छातीवर कुणी बसलंय, हात हलत नाही, ओरडता येत नाही, हा अनुभवही पुष्कळांना येतो. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू ढिले पडतात, म्हणजे स्वप्नात धावलो तरी पलंगावरून पडत नाही. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागं राहतं. मिनिटभराचा खेळ, पण तो मिनिट फार भयानक असतो, ते मी मान्य करतो.

इंग्लंडमध्ये विक टँडी नावाच्या इंजिनिअरला आपल्या प्रयोगशाळेत डोळ्यांच्या कडेला राखाडी आकृती दिसायची. शोधता शोधता सापडला एक पंखा. सेकंदाला सुमारे 19 कंपनांचा, कानाला न कळणारा आवाज तो करत होता. पंख्याची जोडणी बदलली, आकृती गेली. हे त्यानं 1998 मध्ये छापलं. आणि एक गोष्ट जिवाशी येणारी आहे, ती कान देऊन ऐका. हॉटेलच्या बंद खोलीत डोकं जड झालं, मळमळलं, भास व्हायला लागले, तर आधी खिडकी उघडा आणि बाहेर या. बाथरूममधला गॅस गिझर, थंडीत पेटवलेली शेगडी, यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. 1921 मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी असंच एक "झपाटलेलं" घर नोंदवलं होतं. रात्री पावलं, आकृत्या, मुलं मलूल. कारण निघालं नादुरुस्त भट्टीचा धूर.

[थांबतो. मागे मनोरा, आता पुरता काळोख.]

इथल्या काठावरच्या देवळातला नंदी रोज गव्हाएवढा रंकाळ्याकडं सरकतो आणि तांदळाएवढा मागं जातो, हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. मला ती गोष्ट फार प्रिय आहे. तिनं कुणाचं नाव पुसलं नाही, कुणाच्या मरणावर ती उभी नाही.

शालिनी पॅलेसच्या बाबतीत मला एक करायचंय. 1987 नंतर तिथं हॉटेल चालू असताना ज्यांनी काम केलं, स्वयंपाकी, रूमबॉय, माळी, कपडे धुणारे, रात्रपाळीचे पहारेकरी, त्यांच्यातले पुष्कळ जण इथंच आहेत. कुणी तुमचे वडील असतील, कुणी मामा, कुणी शेजारची मावशी. त्यांच्यापाशी बसून मला ऐकायचंय. कुठली खोली कोण आवरायचं, लग्नाच्या दिवशी किती वाजता भट्टी पेटायची, मनोऱ्यावर कोण चढायचं. त्यांची तयारी असेल तरच, आणि नाव नीट विचारून लिहून घेईन.

त्यांनी भुताची गोष्ट सांगितली, तर तीही ऐकू.