डोंगर पेटतो तेव्हा: साताऱ्याच्या उतारावरची घरं आणि त्यांचा विमा

[दृश्य: संध्याकाळ. यवतेश्वरचा उतार, वाळलेलं गवत, लांबवर धूर.]

सातारकरांना वणवा नवा नाही. होळीच्या आगेमागे अजिंक्यताऱ्यावर, यवतेश्वरच्या अंगाला, पलीकडे सज्जनगड-ठोसेघरच्या बाजूला रात्री लाल रेघ सरकताना दिसते. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत जानेवारीपर्यंत पार वाळतं आणि मग एक काडी पुरते. नवं गवत जोमानं फुटेल म्हणून कुणी डोंगर पेटवतं. राब भाजताना कुणाचा जाळ बांध ओलांडतो. कुणी चालत्या गाडीतून सिगारेटचं थोटूक टाकतं. आपोआप लागलेला वणवा इथे जवळपास नसतोच.

वणव्याबद्दल आपण बोलतो ते झाडांसाठी, कासच्या पठारासाठी, गवतातल्या पाखरांसाठी. बोलायलाच हवं. पण त्याच डोंगराच्या पायथ्याला माणसांची घरं आहेत. ती जळाली तर पुन्हा कशी उभी राहणार, हे फारसं कुणी विचारत नाही.

[दृश्य: जावळी तालुक्यातली एक वाडी. कौलारू घर.]

हे घर जरा जवळून बघा. मातीच्या भिंती, वर कौलं. मागच्या भिंतीला टेकून वर्षभराचं सरपण रचलंय. वळचणीला शेणी. पन्हळीत आंब्याचा वाळलेला पाला साठलाय. आठ-दहा पावलांवर गवताची गंजी, आणि गंजीच्या मागे थेट डोंगर. वणव्याची ज्वाळा इथवर यायची गरजच नाही. वाऱ्यानं उडालेली एक ठिणगी त्या पाल्यात पडली, की कौलांखालचे वासे पेटायला वेळ लागत नाही.

मावशींना विचारलं, "घराचा विमा काढलाय का?"

"विमा? माझा हाय की, पोरानं काढलाय. घराचा बी असतोय व्हय?"

असतो. आणि वणव्यासाठीही असतो. ही गोष्ट गावोगाव पोचलेली नाही, म्हणून ही फिल्म.

[दृश्य: जगाचा नकाशा, अमेरिकेचा पश्चिम किनारा.]

थोडं लांब जाऊन येऊ. कॅलिफोर्नियात आज उलटी परिस्थिती आहे. लोकांना विमा हवाय आणि कंपन्या मागे सरतायत. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचं अख्खं गाव वणव्यात गेलं, ८५ माणसं दगावली. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीनं, स्टेट फार्मनं, घरांसाठी नवे अर्ज घेणं थांबवलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या आगींत १६ हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या. ज्यांना कुणीच विमा देत नाही त्यांच्यासाठी तिथे फेअर प्लॅन आहे, १९६८ सालापासून. पण त्यात मुख्यतः आगीपुरतं संरक्षण मिळतं. चोरीसारख्या गोष्टींसाठी दुसरी पॉलिसी घ्यावी लागते. साताऱ्या-कराडकडची जी मुलं तिकडे नोकरीला आहेत, त्यांना ही धावपळ माहीत असेल.

आपल्याकडे दार उघडं आहे आणि आत जाणारा कुणी नाही. हे दार बंद होण्याआधी त्यातून आत जाणं शहाणपणाचं, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: पॉलिसीचा कागद, बोटानं दाखवलेली ओळ.]

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला घरांसाठी एक ठरावीक पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलंय. तिचं नाव भारत गृह रक्षा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं या यादीतच स्पष्ट लिहिलंय: झुडपांची आग, वनातली आग, जंगलातली आग. त्यासाठी वेगळे पैसे नाहीत.

या एका ओळीचं मोल जुनी पॉलिसी वाचली की कळतं. त्याआधीच्या प्रमाणित पॉलिसीत झुडपांची आग धरलेली होती, पण जंगलाची आग वगळलेली होती. ती हवी असेल तर जादा हप्ता. आता सांगा, आपल्या डोंगरावर गायरानातलं गवत कुठे संपतं आणि वनखात्याची हद्द कुठून सुरू होते? आग हद्दीचे दगड मोजत येत नाही. पण दावा मंजूर करताना आग नेमकी कुठली, हा प्रश्न निघू शकत होता. आता तो वाद उरला नाही.

रक्कम कशी ठरते तेही बघू. जागेची किंमत यात धरत नाहीत. घराचं चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, इतकाच हिशेब. समजा ६०० चौरस फुटांचं घर आहे आणि बांधकामाला फुटामागे १,५०० रुपये लागतात. विम्याची रक्कम झाली ९ लाख. घरातल्या सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, आपोआप जोडले जातात. सामानाची ही आपोआप मिळणारी मर्यादा १० लाखांपर्यंत आहे. पक्क्या घराला वर्षाचा हप्ता साधारण काही शे रुपयांत बसतो. पॉलिसी एकदम १० वर्षांपर्यंत काढता येते आणि एक वर्षाहून जास्त मुदत घेतली तर घराच्या विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्के वाढते, जादा हप्ता न भरता. तिकडे कॅलिफोर्नियात दर नूतनीकरणाला लोकांच्या पोटात गोळा येतो. इथे दहा वर्षांची निश्चिंती एका अर्जावर मिळते.

हप्ता एवढा लहान की त्यातून एजंटाला फारसं काही सुटत नाही. त्यामुळे तो गाडीचा आणि आरोग्याचा विमा घेऊन येईल, घराचा क्वचितच. आपणच मागायचा, आणि नावानं मागायचा. घरकर्ज असेल तर बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. पुष्कळदा कर्जासोबत काढलेला विमा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, भिंतींचा नसतो.

खरी अडचण कागदांची. घर अजून आजोबांच्या नावावर असतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, तरी वारसनोंद नाही. आधी ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा काढा, वारसांची नावं लावून घ्या. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक घ्या. अर्जात भिंती आणि छप्पर कशाचं आहे ते खरं लिहा. गवताचं, बांबूचं किंवा ताडपत्रीचं छप्पर विम्याच्या भाषेत कच्चं बांधकाम ठरतं. घर मुंबईकर भावाचं असेल आणि गणपती-शिमगा सोडून बंद राहत असेल, तर तेही सांगा आणि बंद घराची अट लेखी विचारून ठेवा.

"सरकार देतंच की," असं उत्तर बऱ्याचदा मिळतं. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले होते. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३ हजार. एवढ्यात घर उभं राहत नाही.

[दृश्य: घराभोवतीचा पाला झाडणारे हात.]

कॅलिफोर्नियाकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही ठेवायचं नाही. सरपण हलवा, पन्हळ झाडा, गंजी लांब रचा. माघ उतरायच्या आत हे झालं पाहिजे. वणवा दिसला की वनविभागाचा १९२६ क्रमांक फिरवा. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. आणि स्वतः मुद्दाम केलेल्या नुकसानीची भरपाई कुठलीच पॉलिसी देत नाही.

घर जळालंच, तर राख उपसण्याआधी फोटो काढा. त्याच दिवशी कंपनीला कळवा, तलाठ्याचा पंचनामा आणि पोलिसांतली नोंद मिळवा. मलबा उचलण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. तो मागायला लोक विसरतात. कंपनीनं दावा नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

[दृश्य: गोठा, दावणीला गाय.]

गोठ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पॉलिसी घराबाहेरच्या ज्या खोल्या धरते, त्या राहण्यासाठी वापरातल्या. जावळी-पाटणकडे कित्येक घरांत सोपा, माजघर आणि गोठा एकाच आढ्याखाली असतात. तिथे अर्ज भरतानाच गोठा मोजमापात धरला का, हे लेखी घ्या. जनावरांचा विमा वेगळा. राष्ट्रीय पशुधन अभियानात त्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्के आहे. कानात बिल्ला असलेल्या जनावराची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यातून होते. सुटा गोठा आणि त्यातली वैरण यांना घराच्याच पॉलिसीत जागा मिळायला हवी. डोंगरातल्या ग्रामसभांनी हा ठराव करून नियामकाकडे पाठवावा.