घोषवाक्य नसलेलं पोस्टर

(कोल्हापुरात सुरक्षित इंटरनेट दिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी पोस्टर स्पर्धेच्या बक्षीस समारंभात एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. मुलांनो, सतरंजीवर जरा सैल बसा, मागे पालकांना अजून खुर्च्या यायच्या आहेत. बक्षिसं माझ्या बोलण्यानंतर आहेत, तेव्हा तुमचे डोळे त्या टेबलाकडे का जातायत हे मला कळतंय. मीही तुमच्या जागी बसलेली आहे.

मला विषय दिलाय ‘पोस्टर स्पर्धेचं परीक्षण कसं करावं’. शिक्षक मंडळींनी वह्या उघडल्यात, मी तिथे येणार आहे. पण काल दिवसभर तुमची पोस्टरं फरशीवर मांडून बघत होते, आणि त्यातला एक माणूस काही केल्या डोक्यातून जात नाहीये. काळी हूडी, तोंडाच्या जागी अंधार, समोर लॅपटॉप, मागे हिरवे शून्य आणि एक पडतायत. निम्म्याहून जास्त कागदांवर हाच माणूस! परवा रंगवायला बसलेल्या एका मुलाला मी विचारलं, “हा कोण रे?” म्हणाला, “हॅकर.” “तू बघितलायस?” “नाही बाई.” “मग काढलास कसा?” “गुगलवर हॅकर टाकलं की हाच येतोय.” (हशा)

हसा, पण मुलगा खरं बोलला. आता मला सांगा, इथे बसलेल्यांपैकी कुणाला फसवणारा फोन आलाय? बघा, किती हात वर झाले. त्यातल्या कुणाला हूडीवाला दिसला? कुणालाच नाही. तुम्हाला ऐकू आला तो आवाज. “सर, बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपतंय.” गोड आवाज, घाईत असलेला. मुलांना तर आवाजसुद्धा येत नाही, गेममध्ये एक मेसेज येतो, ‘ब्रो’ म्हणून. आपण मुलाच्या हातात चोराचं चित्र देतो आणि तो निर्धास्त होतो, की असला काळा माणूस दिसला की मी पळेन. तो दिसणारच नाहीये.

मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्यांना आठवत असेल, त्यात स्मरणचित्र नावाचा पेपर असतो. समोर वस्तू नाही, चित्र नाही, विषय फक्त लिहून दिलेला. भाजी मंडई म्हणा, बस थांबा म्हणा. बहुतेक मुलं ठरलेली मंडई काढतात: एक बाई बसलेली, एक पिशवी घेऊन उभी, मागे एक झाड. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलीने सरावाला मंडई काढली, त्यात मेथीच्या पेंड्यांवर ओलं गोणपाट टाकलेलं होतं आणि तागडीच्या एका पारड्याखाली चिंच चिकटवलेली. तिची आई मंडईत बसायची. पारडं सम करायला चिंच लावतात हे तिने बघितलं होतं. बाकीच्यांनी मंडई ऐकली होती. मी तो कागद वर्गात फिरवला आणि म्हटलं, हे स्मरणचित्र.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि गेली तीन वर्षं जो ऐकेल त्याला मी हे सांगत आलेय. इंटरनेटच्या विषयाचं पोस्टर हे स्मरणचित्र म्हणून काढायला लावा. तुझ्या घरात, तुझ्या हातातल्या फोनवर काय झालं ते काढ. हे मला सुचलं कशामुळे, ते सांगते. थोडं लांबेल.

डिसेंबर २०२२. लॉकडाऊननंतर शाळा रुळावर आल्या होत्या आणि ऑनलाइन तासांसाठी घेतलेले फोन घरोघरी मुलांच्याच हातात राहिले होते. आमच्याकडे हीच स्पर्धा झाली, परीक्षक मी. नियम छापलेले: पाव इम्पीरियल कार्ट्रिज कागद, माध्यम कोणतंही, घोषवाक्य आवश्यक. आठवीतल्या एका मुलाचा कागद आला. ऑइल पेस्टलमध्ये स्वयंपाकघर. आई ओट्याशी पाठमोरी, तव्यावर भाकरी, भाकरीचा एक पदर फुगलेला. दारात मुलगा उभा, दोन्ही हात पाठीमागे, हातात फोन. फोनची काच त्याने रंगवलीच नव्हती, कोरा कागद तसाच सोडलेला. मुलाच्या चेहऱ्याला डोळे होते, तोंड नव्हतं. घोषवाक्य कुठेच नाही.

मी तो पहिल्या फेरीत बाद केला. मागे पेन्सिलने लिहिलं, ‘अपूर्ण’.

निकालानंतर मुलं कागद परत न्यायला आली. त्याला म्हटलं, “अरे, चित्र बरं होतं की, एक वाक्य लिहायला काय झालं होतं?” तो कागदाची गुंडाळी करत म्हणाला, “वाक्य काय लिहू बाई? त्याला बोलायलाच येत नव्हतं.”

मी त्याला थांबवून घेतलं. रंगाचं सामान आवरता आवरता, माझ्याकडे न बघता त्याने सगळं सांगितलं. (तपशील मी थोडे बदललेत, मुलगा ओळखू येऊ नये म्हणून.) गेममध्ये डायमंड, म्हणजे खेळात वापरायचं विकतचं नाणं, निम्म्या किमतीत, अशी एक लिंक आली. वडिलांच्या कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला, एकोणीसशे रुपये गेले. डायमंड आले नाहीत. समोरच्याने लिहिलं, पहिला ओटीपी चालला नाही, पुन्हा पाठव. याने नाही म्हटलं. तेव्हा उत्तर आलं, ‘वडिलांना सांगू का, तू काय केलंस ते?’ मग त्याने दुसऱ्यांदा पाठवला, आणि दोन दिवसांनी तिसऱ्यांदा. मिळून सहा हजार सातशे. वडिलांना वाटलं बँकेने काहीतरी कापलं, ते पगाराच्या दिवशी जाऊन विचारणार होते. अकरा दिवस हा पोरगा रोज संध्याकाळी त्या दारात उभा राहायचा आणि परत फिरायचा. आई भाकरी करत असायची. ती मागे वळली असती तर आपण सांगितलं असतं, असं तो म्हणाला.

मंडळी, त्या चोराकडे कसली तांत्रिक करामत होती? काहीच नव्हती. मुलगा घरी सांगणार नाही, ही त्याला खात्री होती, आणि तेवढ्यावर त्याने पुढचे दोन हप्ते काढले. मुलगा गप्प का राहिला हेही विचारा. कारण आपण सगळ्यांनी घरात सांगून ठेवलंय, ‘काही भानगड झाली तर फोन काढून घेईन.’ शाळेच्या भिंतीवर सांगून ठेवलंय, ‘सावध राहा, फसू नका.’ जो फसलाय त्याने ते वाचून काय करायचं? त्याला त्यातून एकच कळतं, की चूक आपली आहे.

माझ्या लहानपणी खेड्यातल्या भिंतींवर उलटा लाल त्रिकोण असायचा, कुटुंब नियोजनाचा. १९६० च्या दशकात ते चिन्ह निघालं. शेजारी आई, बाप आणि दोन मुलांचे चेहरे, चार गोल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळायचं. आणि तोच त्रिकोण आरोग्य केंद्राच्या पाटीवर असायचा. म्हणजे भिंतीवर बघा आणि तसाच त्रिकोण जिथे दिसेल तिथे आत जा. पोस्टरने माणसाला दारापर्यंत नेलं. पल्स पोलिओ आठवा, १९९५ पासूनचा. पिवळा फलक, त्यावर रविवारची तारीख, आणि त्या दिवशी बूथवरही तसाच पिवळा फलक. पोलिओ किती भयंकर आहे यावर निबंध नव्हता. मूल घ्या, रविवारी या, दोन थेंब. त्यामागे लाखो माणसांची पायपीट होती, सगळं श्रेय मी फलकाला देत नाही. पण २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मला तो पिवळा रंगच आठवला.

आणि आपण तर कोल्हापुरात बसलोय. इथे बाबूराव पेंटर स्वतःच्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवत होते. या गावात पाट्या रंगवणारे असे हात होते, की फूटपट्टी न लावता शिरोरेषा सरळ. आता मुलांना पोस्टर म्हटलं की फ्लेक्स माहीत. काल एका पोस्टरवर मधोमध सायबर चोर मोठा, आणि त्याच्या भोवती गोलात सहा छोटे चेहरे. मला वाटलं त्याच्या टोळीतले असतील. मुलगी म्हणाली, “नाही बाई, ते शुभेच्छुक.” (हशा) तिचा दोष नाही, चौकात तिला तेवढंच दिसतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतायत. बरं. वह्या घ्या, भरभर सांगते.

पहिलं. घोषवाक्याची सक्ती काढा, त्याऐवजी ‘आता काय करायचं’ ही सक्ती करा. पैसे गेले तर १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन. हा नंबर का, तर त्या तक्रारीवरून बँकांना लगेच निरोप जातो आणि पैसा पुढच्या खात्यात असेल तोवर तिथेच अडवता येतो. उशीर झाला की तो काढून घेतलेला असतो. सोबत बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला: आपण ओटीपी दिला म्हणून पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतरही पैसे गेले तर ते बँकेचं. त्या मुलाने पहिल्याच संध्याकाळी तोंड उघडलं असतं तर पुढचे दोन हप्ते गेलेच नसते. लहान मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि जुनी पोस्टरं उतरवा हो! एका शाळेच्या जिन्यात अजून १५५२६० लावलाय. तो बदलून १९३० झाला त्याला काही वर्षं झाली. चुकीचा नंबर लावण्यापेक्षा भिंत कोरी बरी.

दुसरं, ‘जबाबदार’ हा शब्द. स्पर्धेच्या नावात ‘सुरक्षित आणि जबाबदार’ असं आहे, पण काल मला सगळी पोस्टरं ‘सुरक्षित’वरच दिसली. प्रत्येक चित्रात चित्रकार हा फसलेला किंवा वाचलेला आहे, पाठवणारा कुणीच नाही. वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्याचा झोपलेला फोटो टाकणारा तुमच्याच बाकावर बसतो, कधी तो तुम्ही असता. आणि मोठ्यांचं काय झालं तेही मुलांना सांगा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. हे गोसावी आपल्याही दारात येतात, डमरू वाजवत. तो मेसेज पुढे ढकलणारे अंगठे कुणाचे होते, हे आठवी-नववीच्या मुलाला काढता येतं. त्याला विचारा तर खरं.

तिसरं, कसं घ्यायचं. रंग काढण्याआधी अर्धा तास मुलांना नुसतं बोलू द्या, आणि त्या अर्ध्या तासात कुणालाही रागवायचं नाही. मग फोन बाजूला. बघून काढायचं नाही, आठवून काढायचं. हूडी, कुलूप, कोळ्याचं जाळं, या तीन गोष्टींना बंदी. (टाळ्या) अहो, टाळ्या कसल्या, इथेच लावलेली अर्धी पोस्टरं बाद होतील त्याने! गुण देताना सफाईला थोडे, बघितलेलं काढलंय त्याला जास्त. दहा पावलांवरून वाचता येतंय का बघा, अक्षर दोनच ओळी. आणि पोस्टर मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर लावू नका. घरी जिथे फोन चार्जिंगला लावता त्या पिनेच्या वर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. आजीला फोन येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणतात, कायद्यात तसलं काही नाही. तर आजीसाठीचं पोस्टर देव्हाऱ्याशेजारी, मोठ्या अक्षरात, नातवाच्या हातचं. तिथे ती दिवसातून दोनदा तरी जाते.

पालकांना एकच विनंती. आज घरी जाऊन मुलाला सांगा, काही झालं तर मला सांग, मी फोन काढून घेणार नाही. आणि पुढे खरंच काही झालं तर काढून घेऊ नका.

ते चित्र मी आज आणलंय. तो मुलगा आता अकरावीला आहे, त्याला आणि त्याच्या आईला विचारून आणलंय. कोपऱ्यातलं नाव पट्टीने झाकलंय, मागचा माझा ‘अपूर्ण’ मात्र मी खोडलेला नाही, तोही बघा. बाहेरच्या टेबलावर ठेवलंय, कडेला धरा, ऑइल पेस्टल अजून बोटाला लागतो. आणि फोटो काढू नका. मी फक्त दाखवायची परवानगी घेतली आहे.