दाखला आणि सोऱ्या

[दृश्य: पहाट. परसात पाण्याचा बंब, धूर. लांबवर कारखान्याची चिमणी.]

कोल्हापूर जिल्ह्यातलं साखर कारखान्याचं गाव. ऑक्टोबर 2025. बॉयलर पेटलाय, गव्हाणीत मोळी पडायची, म्हणजे गाळप सुरू व्हायचं, बाकी आहे. आबा म्हणतात, आता आपला काय संबंध? पण भोंगा झाला की मान तिकडं वळतेच. मिल हाउसला 35 वर्षं फिटर होते. 2016 मध्ये, 58 पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले.

आज धनत्रयोदशी. पुण्याहून मुलगा, सून आणि नातू रात्रीच आलेत. घरात दोन कामं आहेत, चकल्या आणि हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून आबा हयात असल्याचा पुरावा.

[दृश्य: स्वयंपाकघर. लोखंडी कढई, भाजणीचे डबे.]

भाजणी आज्जींनी आठवड्यापूर्वीच करून ठेवली. तांदूळ 4 वाट्या, धुऊन सावलीत वाळवलेले. हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, मूग डाळ अर्धी, पोहे 1, धने अर्धी वाटी, जिरे पाव. सगळं वेगवेगळं आणि मंद आचेवर भाजायचं. एकत्र भाजलं तर पोहे करपतात आणि हरभरा डाळ आतून कच्ची राहते. गिरणीत सांगून ठेवावं लागतं, की आधी गहू दळला असेल तर आमचं थांबवा, तांदळावर टाका. गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते.

[दृश्य: परात. वाफ.]

3 वाट्या भाजणीला 3 वाट्या पाणी. पाण्यात पाव वाटी तेलाचं मोहन, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ. उकळी आली की गॅस बंद, पीठ आत, झाकण वर. अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. नातवानं दोनदा झाकण उघडलं, ते चित्रीकरणात आलंय.

[दृश्य: पितळी सोऱ्या. आबांचे हात, अगदी जवळून.]

आज्जींचं मनगट धरतं, त्यामुळं सोऱ्या फिरवणं आबांकडं आलं. फिटरचा हात आहे. पीठ भरायच्या आधी आट्यांना तेलाचं बोट फिरतं, चांदणीची चकती नीट बसली का बघितलं जातं. प्रत्येक वेळी पिठाचा गोळा कोमट पाण्याच्या हातानं पुन्हा मळून मगच आत. चकली पाडताना तुटली तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हबका मारायचा. काटे उठले नाहीत तर पीठ सैल झालंय. तेलात गेल्यावर विरघळायला लागली, तर मोहन जास्त पडलंय. थोडी कोरडी भाजणी मिसळून बघायची. शेवटचं टोक बोटानं दाबून बंद करायचं, नाहीतर कढईत चकलीचा वेढा सुटतो.

ही बोटं लक्षात ठेवा.

[दृश्य: सेवा केंद्र. टेबलावर बोटांचे ठसे घेणारं यंत्र. लाल दिवा.]

सकाळी आबा दाखल्यासाठी गावातल्या केंद्रावर गेले. उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. तर्जनी, नाही. वयानं कातडी कोरडी पडते आणि रेषा सपाट होत जातात. त्यात ही बोटं कानशीवर, ग्रीसमध्ये गेलेली. सुट्टीच्या भोंग्याला डिझेलनं हात धुवायचे. ठसे झिजले यात नवल नाही.

असं झालं तर काय करायचं ते बघा. हात कोमट पाण्यानं धुऊन पुसायचे. बोट फार कोरडं असेल तर खोबरेलाचा नुसता हात, आणि तोही पुसून टाकायचा, नाहीतर काच तेलकट होते. काच आधी फडक्यानं पुसायची. बोटाचं टोक टेकवायचं नाही, पेर सपाट ठेवायचं. जोर लावायचा नाही. जोरानं रेषा एकमेकींत मिसळतात, आणि वैतागलेला माणूस नेमका जोरच लावतो. दहा बोटांपैकी कुठलंही चालतं. तरीही जमलं नाही, तर आधार केंद्रात ठसे नव्यानं देता येतात.

आबांची दहाही बघून झाली, एकही लागलं नाही.

[दृश्य: घरची ओसरी. मुलाचा मोबाइल. आबा खुर्चीत, तोंड दाराकडं.]

जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाला. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय 2021 मध्ये आली. दोन ॲप लागतात, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. दुसरं ॲप उघडून दिसत नाही, आतल्या आत चालतं. त्यामुळं ते उतरलंच नाही असं वाटून लोक पुनःपुन्हा शोधत बसतात. आधी मोबाइल चालवणाऱ्यानं स्वतःचं आधार आणि चेहरा द्यायचा. इथं मुलानं दिला. मग पेन्शनरची माहिती: आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक खातं.

[दृश्य: लॅमिनेट केलेला पीपीओ. त्यावर आबांचं बोट.]

या कागदाशी थोडं थांबू. आबांची पेन्शन कर्मचारी पेन्शन योजना 1995 ची. मालकानं भविष्य निर्वाह निधीत भरायच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के इकडं येतात. हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. ऐकायला बरं वाटतं. पण योजना सुरू झाली 16 नोव्हेंबर 1995 ला. आबांच्या त्याआधीच्या 14 वर्षांना हे सूत्र नाही. त्यांचे पैसे वेगळ्या ठरीव तक्त्यानं, तेही किरकोळ. आणि पगार कितीही असो, ऑगस्ट 2014 पर्यंत 6,500 रुपयेच धरायचे, त्यानंतर 15,000. म्हणून 35 वर्षं यंत्रं चालती ठेवणाऱ्या माणसाच्या कागदावर तीन हजारांच्या आसपासचा आकडा येतो. त्याला महागाई भत्ता नाही. 2016 चा आकडा 2025 मध्ये तोच आहे. तेलाचा डबा मात्र तोच राहिलेला नाही. किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली, तेव्हा ती मोठी बातमी होती.

याच कागदावर आज्जींचं नाव आहे. आबांमागं त्यांना निम्मी रक्कम मिळेल. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे आत्ताच बघून ठेवलेलं बरं.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. नातू मोठ्यानं वाचतोय.]

अर्जात दोन प्रश्न येतात. पुन्हा नोकरी धरली आहे का? पुनर्विवाह केला आहे का? नातवानं दुसरा प्रश्न वाचला आणि आतून आज्जींचा आवाज आला, "व्हय म्हणा, बघू कोण येतीया ती!"

हसण्याच्या भरात बोट भलतीकडं पडलं तर दाखला अडकू शकतो. दोन्ही ठिकाणी ‘नाही’. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय निवडतानाही घाई नको. नावं सारखी दिसतात, एक ओळ खाली गेली की अर्ज दुसऱ्याच कार्यालयाकडं जातो.

[दृश्य: आबांचा चेहरा. पडद्यावर गोल.]

चष्मा काढायचा. उजेड समोरून हवा. पाठीमागं खिडकी असली की चेहरा काळा येतो. टोपी काढायची. इथं आबांनी थोडा वेळ घेतला. मग डोळ्यांची उघडझाप. आबा फोटोला बसल्यासारखे ताठ, पापणी हलेना. तिसऱ्या वेळी गोल हिरवा झाला.

[दृश्य: मोबाइलवर संदेश.]

प्रमाण क्रमांक आला. तो वहीत उतरवून ठेवायचा. घरात असा मोबाइल हाताळणारं कुणी नसेल तर पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचं शुल्क 70 रुपये होतं. मुदतीत दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. नंतर दिला की चालू होते आणि थकलेलीही मिळते.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. आबांच्या हातात पेन्सिल.]

सरकारी पेन्शनरांचा महिना नोव्हेंबर. या योजनेत तसं नाही, वर्षात कधीही द्या, त्या तारखेपासून 12 महिने चालतो. आबांनी दिवाळी धरली, कारण मुलाचा मोबाइल दिवाळीत घरी येतो. आजची तारीख 18 ऑक्टोबर. म्हणजे पुढच्या वर्षी 18 ऑक्टोबरच्या आत नवा हवा.

मुलानं मोबाइलवर बघितलं. 2026 ला अधिक महिना आहे, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. दसरा 20 ऑक्टोबरला, म्हणजे तोही दोन दिवस उशिराच.

आबा बोटांवर मोजतात, पुन्हा मोजतात. कढईतले बुडबुडे कमी झालेत, चकल्या तळून झाल्यात. आज्जी झारा पुढं करतात.

"गणपतीला येत्यात न्हवं? तवाच घ्या उरकून. आता ह्यो घाणा काढा आधी."