‘समजलं का?’ एवढ्यावर थांबू नका
(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलींनो आणि मुलांनो, असेसमेंट, म्हणजे रुग्णाची पाहणी, म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, इनटेक-आउटपुटचा (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं) तक्ता येतो. ते सगळं हवंच. पण आज मी बोलणार आहे ते नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या रुग्णाबद्दल. कारण या रुग्णाच्या बाबतीत असेसमेंट आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं राहतच नाहीत. त्याला काय येतं हे पाहिल्याशिवाय काय शिकवायचं ते कळत नाही, आणि शिकवल्यावर पुन्हा पाहिल्याशिवाय त्याला ते आलं की नाही हे कळत नाही.

आपल्या वॉर्डात हे शिकवणं कधी होतं? डिस्चार्जच्या दिवशी. बिल भरायला मुलगा खाली गेलेला, सून पिशव्या भरतेय, रिक्षा बाहेर उभी. अशा वेळी सिस्टर पाच मिनिटांत सगळं सांगतात आणि शेवटी विचारतात, ‘काय आजी, समजलं का?’ आजी ‘हो’ म्हणतात. त्या दुसरं काय म्हणणार? पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून हा प्रश्न सोडा आणि म्हणा, ‘आजी, आता तुम्ही मला करून दाखवा.’ तेही डिस्चार्जच्या दिवशी नको, इन्सुलिन सुरू झालं त्याच दिवसापासून. वॉर्डातला प्रत्येक डोस ही शिकवण्याची आयती संधी असते, आणि आपण ती रोज वाया घालवतो.

करून दाखवताना नेमकं काय बघायचं? सगळ्यात आधी बाटली आणि सिरिंज. आपल्या देशात औषधाच्या दुकानात इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० युनिटच्या मिळतात, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनमधली कार्ट्रिज (औषधाची नळी) १०० युनिटची असते आणि काही बाटल्याही १०० च्या असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात: ४० वाल्या बाटलीसाठी लाल टोपणाची आणि १०० साठी केशरी टोपणाची. दुकानदाराने हाताला येईल ती दिली तर काय होतं, ते जरा हिशोब करून पाहू. डोस २० युनिटचा आहे, बाटली ४० ची आहे, पण सिरिंज १०० ची मिळाली. रुग्णाने २० च्या रेषेपर्यंत औषध भरलं तर ते ०.२ मिली होतं. म्हणजे अंगात गेली फक्त ८ युनिट. शुगर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि घरचे म्हणतात, पथ्य पाळत नाहीत. आता उलट धरा. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची. २० च्या रेषेवर अर्धा मिली भरतो, म्हणजे थेट ५० युनिट. हा माणूस रात्री झोपेतच बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहायला प्रत्येकाला शिकवा. वाचता येत नसेल तर घरात ज्याला येतं त्याला शिकवा आणि टोपणाचा रंग डोळ्यांसमोर धरून दाखवा.

नजर हा मुद्दा यातच येतो. डायबेटिस डोळ्यांवरही परिणाम करतो. आजोबांच्या हातात सिरिंज द्या आणि विचारा, ‘१८ ची रेषा कुठे आहे?’ त्यांनी अंदाजाने बोट ठेवलं, तर तुमचं असेसमेंट तिथेच झालं. मग घरी सिरिंज कोण भरणार? बरेचदा ती दहावी-बारावीतली नात असते. तिला बोलवून घ्या. ती कॉलेजला गेल्यावर कोण भरणार, हेही तिच्यासमोरच ठरवा.

३०/७० चं मिश्र इन्सुलिन, म्हणजे ३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं, दुधाळ दिसतं. ते जोरात हलवायचं नाही, दोन्ही तळहातांमध्ये हलकेच फिरवून एकसारखं करायचं. बाटली फ्रिजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात चालते, फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. घरी फ्रिज नसेल तर माणसं ते सांगायला लाजतात, म्हणून तुम्हीच सहज विचारा. माठाच्या गारव्यात, पाणी लागणार नाही असं बंद डब्यात ठेवता येतं.

शुगर तपासण्याबद्दल एकच सांगते, कारण आंब्याच्या दिवसांत हे हमखास घडतं. हापूस कापून, बोटं नुसती पदराला पुसून सुई टोचली, तर ग्लुकोमीटर आंब्याची साखर मोजतो. आकडा भलताच मोठा येतो आणि माणूस घाबरून जास्तीचं इन्सुलिन घेतो. हात साबणाने धुवून कोरडे करायचे, मगच टोचायचं.

आता शुगर कमी होण्याबद्दल. हे मी सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगते, कारण यात वेळ मिळत नाही. शुगर ७० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली गेली की कमी. हात थरथरतात, घाम फुटतो, भूक लागते, काहींची चिडचिड होते. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, पण घाम येतो. म्हणून केसपेपरवरची सगळी औषधं वाचूनच लक्षणं शिकवा. उपाय म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची, सुधारली नसेल तर पुन्हा साखर, आणि मग जेवण. पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, त्याला तडक दवाखान्यात न्यायचं. हे रुग्णापेक्षा शेजारी झोपणाऱ्या माणसाला शिकवा.

उपवासाचंही विचारा, पण ओरडू नका. ‘एकादशी करता का?’ असं प्रेमाने विचारलंत तर खरं उत्तर मिळेल. उपवास करणारच असतील तर डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या. रुग्णाने ही गोष्ट लपवली, तर उपाशी पोटी पूर्ण डोस जाईल.

नोट्समध्ये ‘हेल्थ एज्युकेशन दिले’ असं लिहिता, त्यावरून पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला काय कळणार? असं लिहा: ‘सिरिंज स्वतः भरली, हवेचा बुडबुडा काढला, टोचण्याची जागा बदलण्याचे समजलेले नाही.’ मग संध्याकाळची सिस्टर तिथूनच पुढे शिकवेल.

आणि हो, जागा बदलण्याबद्दल. रुग्ण ओपीडीत परत आला की त्याच्या पोटावरून बोटं फिरवा. एकाच जागी टोचून टोचून कातडीखाली मऊ गाठ तयार होते, ती डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्ण तिथेच टोचत राहतो आणि इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. गाठ सापडली तर नुसतं ‘जागा बदला’ म्हणून त्याला घरी पाठवू नका. चांगल्या कातडीत तोच डोस पूर्ण लागू पडतो आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा, डोस कमी करायचा का ते विचारा, आणि पुढचे काही दिवस त्याला घरी जास्त वेळा शुगर तपासायला सांगा.