दाढीचा फेस : थेंबाथेंबाचं काम

[दृश्य : स्टीलची वाटी, अगदी जवळून. फेस कडेवरून ओघळतोय.]

हा फेस बघा. भरघोस आहे, पांढराशुभ्र आहे, वाटीतून उतू चाललाय. आणि दाढीच्या काहीही उपयोगाचा नाही.

जरा आणखी जवळ जाऊ. हे बुडबुडे दिसतायत? नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील एवढे मोठे. त्यांच्या पोटात सगळी हवा. हा फेस गालावर लावला तर मिनिटभरात बसेल, आणि पातं गळ्यापर्यंत पोचेल तेव्हा तिथली कातडी कोरडी पडलेली असेल.

आता ही दुसरी वाटी. साबण तोच, ब्रश तोच, पाणीही त्याच नळाचं. पण इथे बुडबुडा शोधूनही सापडत नाही. घोटलेल्या श्रीखंडासारखा दाट फेस, त्यावर ओलसर चकाकी. ब्रश वर उचलला की टोक उभं राहतं आणि शेंड्याशी किंचित वाकतं.

या दोन वाट्यांत वेगळं आहे ते एवढंच, की पाणी किती घातलं आणि कधी घातलं. महागडा ब्रश आणि परदेशी साबण यांची चर्चा खूप होते. पाण्याची होत नाही. ती आज करू.

[दृश्य : आरशासमोर एक माणूस. ओल्या हातांनी गाल चोळतोय.]

दाढीचा केस केराटिनचा, म्हणजे नखं ज्याची बनतात त्याच प्रथिनाचा, बनलेला असतो. कोरडा असताना तो चांगलाच चिवट असतो. पण तो पाणी शोषून घेतो, फुगतो, नरम पडतो, आणि मग त्याला कापायला बराच कमी जोर लागतो. कोमट पाण्यात भिजायला त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. मात्र केसावर त्वचेतल्या तेलाचा पातळ थर असतो आणि तो पाण्याला अडवतो. साबण तो थर काढतो, आणि साबणाचाच फेस मग ते पाणी केसाभोवती धरून ठेवतो. फेसाचं मुख्य काम हेच. दुसरं काम निसरडेपणाचं, म्हणजे पातं अडखळू नये. हवेचा यात वाटा थोडाच. ओली, निसरडी साय गालावर टिकून राहावी एवढ्यापुरती ती हवी.

आपल्याकडे बहुतेक घरांत आधी दाढी आणि मग आंघोळ. हजामत झाली की अंगावरून पाणी घेतल्याशिवाय घरात वावरायचं नाही, ही जुनी शिस्त. केसाच्या दृष्टीने मात्र आंघोळीनंतरची वेळ उत्तम, कारण तोवर तो पुरता भिजलेला असतो. पण तेवढ्यासाठी घरची शिस्त मोडायचं कारण नाही. दाढीआधी तोंड साबणाने धुवा आणि कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं गालांवर धरा. पारावर धोपटी उघडून बसणारे जुने न्हावी कित्येकदा साबण लावतच नसत. ओल्या बोटांनी गाल, हनुवटी, ओठांवरचा भाग ते चोळत राहायचे, वस्तरा त्यानंतर निघायचा. नुसत्या पाण्यावर दाढी व्हायची, कारण त्या चोळण्याला त्यांनी पुरेसा वेळ दिलेला असायचा.

[दृश्य : दोन वड्या शेजारी. एक अंगाची, एक दाढीची.]

अंगाच्या साबणाने दाढी होते का? होते, पण फेस टिकत नाही. अंगाचा साबण मुख्यतः सोडियमचा. तो कडक असतो, आंघोळीला महिनाभर पुरावा म्हणून तसाच बनवलेला. दाढीच्या चांगल्या साबणात सोडियमच्या जोडीला पोटॅशियमचा साबण असतो. तो मऊ असतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. शिवाय त्यात स्टिअरिक आम्ल, म्हणजे तेला-चरबीतून मिळणारं एक आम्ल, भरपूर असतं. बारीक, दाट, लवकर न मोडणारा फेस येतो तो त्याच्यामुळे. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल नेमकं उलटं वागतं. त्याचा फेस झटकन येतो, पुष्कळ येतो, पण बुडबुडे मोठे असतात आणि पटकन बसतात. म्हणून दाढीच्या साबणात खोबरेल असलं तरी बेताचं असावं.

खोक्यावरची घटकांची यादी वाचा. पोटॅशियम स्टिअरेट किंवा स्टिअरिक ॲसिड सुरुवातीलाच दिसलं तर वडी दाढीची आहे. जुन्या पद्धतीच्या काही साबणांत जनावरांची चरबी असते. ज्यांना ती चालत नाही त्यांनी ‘टॅलो’ हा शब्द यादीत शोधावा. वनस्पतिजन्य साबणाचाही फेस तितकाच उत्तम येतो.

ट्यूबमधली क्रीम म्हणजेही साबणच, फक्त त्यात पाणी आधीच घातलेलं असतं. म्हणून क्रीम घेणाऱ्याला कमी घोटावं लागतं. बदामाएवढी क्रीम एका दाढीला पुरते.

[दृश्य : तीन ब्रश, केस वर करून उभे ठेवलेले.]

ब्रशबद्दल थोडक्यात सांगतो. डुकराच्या केसांचा ब्रश राठ असतो. वापरण्याआधी तो काही मिनिटं कोमट पाण्यात भिजवावाच लागतो. नवा असताना त्याला वास येतो आणि तो टोचतो. वापरत गेलं की केसांची टोकं फाटून मऊ होतात. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी खूप धरतो आणि महाग असतो. कृत्रिम तंतूंचा ब्रश भिजवावा लागत नाही, लवकर वाळतो, स्वस्त असतो आणि फेस सगळ्यात पटकन काढतो. पहिल्यांदाच ब्रश घेणाऱ्याला मी हा तिसराच सांगेन. आपल्या दमट हवेत तो लवकर वाळतो, एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

[दृश्य : पहिल्या महायुद्धाच्या काळातली सैनिकांची स्थिरचित्रं.]

प्राण्यांच्या केसांच्या ब्रशचा एक भयंकर इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धात नेहमीचा व्यापार विस्कटला. बॅजरच्या नावाखाली घोड्याचे केस घातलेले स्वस्त ब्रश बाजारात आले, सैनिकांच्या हातात पडले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते आणि त्यांत अँथ्रॅक्स या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या जीवघेण्या रोगाचे जंतू होते. दाढी करताना कापलेल्या जागेतून ते शरीरात शिरले. १९१५ ते १९२४ या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत अशा ब्रशमुळे अँथ्रॅक्सची दोनशेहून जास्त माणसांना लागण झाली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशवर बंदी घातली. पुढे केस निर्जंतुक करूनच ब्रश बांधू लागले. सलूनमध्ये एकाचा ब्रश न धुता दुसऱ्याच्या गालाला लावू नये, हा आग्रह मात्र आजही धरायला हवा. कापलेली जागा जंतूंना तेव्हाही दार होती आणि आजही आहे.

ब्रश मागे पडण्याची कारणं वेगळी. १९१९ मध्ये अमेरिकेत फ्रँक शील्ड्स यांनी बार्बासॉल आणलं. ही ब्रशशिवाय लावायची क्रीम. १९५० च्या सुमारास डब्यातून फवारायचा तयार फेस आला आणि वेळ वाचला. पण डब्यातल्या फेसाला गॅस फुगवतो. ब्रश केस उभे करतो, त्यांच्या मुळाशी पाणी नेतो, ते काम तो डबा करत नाही.

[दृश्य : हात, वडी, ब्रश. इथून पुढे काही वेळ कट नाही.]

आता प्रत्यक्ष काम. हे सलग बघा, कारण यात घाई कुठे होते तेच बघायचंय.

दाढीची वडी, तिच्यावर चमचाभर कोमट पाणी. तोंड धुईपर्यंत ते तसंच राहू दे. वरचा थर मऊ होतो. मग ते पाणी ओतून टाका.

ब्रश भिजलेला आहे. तो उचला, हलक्या हाताने पिळा आणि दोनदा झटका. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. ब्रशमधून पाणी टपकत असतानाच तो साबणावर फिरवायला लागलं की सुरुवातीलाच मोठे बुडबुडे येतात. फेस आला असं वाटतं आणि माणूस थांबतो. ब्रशला तेव्हा साबण जेमतेम लागलेला असतो. पहिली वाटी अशीच बिघडली होती.

जवळजवळ कोरडा ब्रश वडीवर गोल फिरवा. तीस सेकंद तरी. आवाज ऐका. आधी खरखर, मग चिकट, ओढल्यासारखा. केसांच्या टोकांवर आता दाट, मळकट पांढरी पेस्ट जमते. बुडबुडे नाहीत, चमक नाही. हे बघून निराश होऊ नका, हेच हवं होतं. साबण पुरेसा घेतला असेल तर पाणी कितीही सावकाश वाढवता येतं. साबणच कमी असेल तर पुढे काही केल्या फेस सुधारत नाही.

ब्रश वाटीत. बोटं पाण्यात बुडवून दोन-तीन थेंब शिंपडा आणि घोटा. पेस्ट सैल होते. पुन्हा दोन-तीन थेंब, पुन्हा घोटा. फेस फुगायला लागला. अजून तो मंद दिसतोय, खडूसारखा. बहुतेक जण इथे थांबतात, कारण तो दाट आहे आणि छान दिसतो. थांबू नका. या टप्प्यावरचा फेस गालावर वाळतो आणि कडेने पापुद्रे धरतो.

आणखी थेंब. आणखी घोटणं. आणि आता, हे बघा, चकाकी आली. फेसावर उजेड पडून चमकतोय. त्यातला चिमूटभर अंगठा आणि बोटात घेऊन चोळा. बोटं सटकली पाहिजेत. रेटा लागत असेल तर आणखी दोन थेंब. फेस बोटांवरून ओघळत असेल तर पाणी जास्त झालं. मग ब्रश पुन्हा वडीवर फिरवून साबण वाढवा.

वाटी नसली तरी चालतं. हेच सगळं थेट गालावर करता येतं. गोल गोल फिरवल्याने केस उभे राहतात. शेवटी रंगाच्या कुंचल्यासारखे सरळ हात मारून फेस सारखा करायचा. ब्रश गालावर दाबून चेचू नका. ब्रशचे केस बुडाशी तुटतात आणि नाजूक कातडी लाल होते. काम टोकांनी करायचं असतं.

आता पातं. पहिला हात केसांच्या दिशेने. मग पुन्हा फेस लावून आडवा. दाढी गुळगुळीतच हवी असेल तर तिसऱ्यांदा फेस लावून केसांच्या उलट दिशेने हात. फेस नसलेल्या जागी पातं पुन्हा फिरवायचं नाही. यासाठीच पहिल्या वेळी साबण भरपूर घ्यायचा, म्हणजे ब्रशमध्ये तिन्ही वेळांचा फेस शिल्लक राहतो.

[दृश्य : बोअरवेलचा नळ. बादलीच्या कडेला पांढरा थर.]

एवढं सगळं नीट करूनही फेस येत नसेल तर पाणी तपासा.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांत साठलेलं पावसाचं पाणी मिळतं. ते हलकं असतं. मराठवाड्यात, सोलापूरकडे, किंवा पुण्याच्या कडेला टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत बोअरचं पाणी वापरावं लागतं आणि ते पुष्कळदा जड असतं. त्यात खडकातून उतरलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणातली आम्लं या दोघांशी बांधली जातात आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटतो तो हाच. एवढा साबण फेस होण्याआधीच वाया गेलेला असतो.

किती वाया जातो, ते मांडून बघू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे हाच जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. ६०० च्या पाण्याचा एक लिटर साडेतीन ग्रॅमहून जास्त साबण नुसता साक्यात घालवतो. दाढीच्या फेसात पाणी जातं फार तर अर्धी वाटी. म्हणजे नुकसान ग्रॅमच्या अंशात. पण दाढीला मुळात साबणच एक-दीड ग्रॅम लागतो, आणि तो साका उरलेले बुडबुडेही मोडतो. म्हणून फरक चांगलाच जाणवतो.

उपाय सोपे आहेत. पहिला म्हणजे वडीवर ब्रश तीस सेकंदांऐवजी मिनिटभर फिरवा. दुसरा, घरात आरओचं पाणी असेल तर त्यातली अर्धी वाटी फेसासाठी घ्या. अख्खी दाढी त्याने करायची गरज नाही, चूळ भरायला आणि तोंड धुवायला नळाचं चालेल. तिसरा, पाणी उकळून निवू द्या आणि वरचं अलगद ओतून घ्या. उकळल्यावर कठीणतेचा काही भाग खाली बसतो. सगळा बसत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांचं स्वच्छ पाणी धरता आलं तर त्या पाण्याचा फेस एकदा जरूर बघा.

[दृश्य : तुरटीचा खडा ओल्या गालावरून फिरतोय. मग नळाखाली ब्रश.]

दाढी झाल्यावर गार पाणी आणि तुरटी. बारीक कापलं असेल तर तुरटी रक्त थांबवते.

ब्रश नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. साबण बुडाशी अडकून राहतो, म्हणून बोटांनी केस मोकळे करा. पिळा, झटका, हवेशीर जागी ठेवा. उकळतं पाणी लावू नका, बुडाचा डिंक सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये बंद बाथरूममध्ये ब्रश वाळतच नाही, तो खिडकीशी न्या. वडीच्या डबीचं झाकणही उघडं ठेवा. जड पाणी असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी ब्रश पाण्यात कालवलेल्या थोड्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटं बुडवा आणि चांगला धुवा. बुडातला साका सुटतो.

[दृश्य : रिकामी वाटी, बाजूला पाण्याचा पेला आणि एक छोटा चमचा.]

एखाद्या रविवारी दाढी न करता नुसता फेस काढून बघा. ब्रशवर पेस्ट घ्या आणि पाणी चहाच्या अर्ध्या चमच्याने मोजत घाला. दर वेळी घोटा, बोटात चोळा. चकाकी कितव्या अर्ध्या चमच्याला आली ते लिहून ठेवा. तरीही पाणी घालत राहा, फेस मोडेपर्यंत. तो कितव्याला मोडला तेही लिहा. तुमचा ब्रश, तुमची वडी आणि तुमच्या नळाचं पाणी यांचं माप या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. सोमवारी तिथून सुरुवात करा.